सहा तारांवरचा चिमटा

कळंब्यात माझा गिटारचा क्लास आहे. त्यातून वाजवायला किती जण शिकले ते विचारू नका, पण एकट्या कॅपोचे किस्से इतके साठलेत की कुणीतरी ऐकून घ्या. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा स्प्रिंगचा चिमटा. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायचं काम तो करतो. सूर वर चढतो, बाकीची बोटं मात्र ओळखीच्याच कॉर्डवर, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या मांडणीवर, चालतात. बस, एवढंच. हे मी आठवड्यातून चारदा सांगतो.

*

एका साखरपुड्यात वाजवत होतो. समोरचे एक आजोबा गाणं संपेपर्यंत माझ्या हाताकडंच बघत होते. संपल्यावर जवळ आले.

"पावणं, गिटार मोडलीया व्हय?"

"नाही आजोबा. का?"

"चिमटा लावून धरलीया म्हणून इचारलं."

मी त्यांना सूर, पट्टी, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असू दे, वाजतीया तवर वाजवा," म्हणाले आणि जेवायला गेले.

*

संध्याकाळच्या बॅचला अभिजित येतो. कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे, हे तो दर दहा मिनिटांनी सांगतो. एकदा तणतणत आला.

"सर, तारा बोगस निघाल्या. ट्यूनरवर सगळ्याच्या सगळ्या चढ्या दाखवत होत्या. तासभर बसून खाली आणल्या."

गिटार हातात घेतली. तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या आणि मानेवरच्या दुसऱ्या फ्रेटवर कॅपो तसाच बसलेला.

"ट्यून करताना हा काढला होतास?"

तो कॅपोकडं बघत राहिला. "ह्याचा पण फरक पडतो व्हय?"

इंजिनिअर!

*

महिन्याभरानं हाच अभिजित कुठलातरी व्हिडिओ बघून आला आणि कॅपो ही शुद्ध लबाडी आहे, असं त्यानं सगळ्या बॅचला जाहीर केलं. खरा गिटारिस्ट बोटानंच दाबतो म्हणे.

बॅचमध्ये शिवलीलाताई आहेत. माहेर गडहिंग्लज, आवाज खणखणीत. सर्दी असली की त्या एका पट्टीत गातात, नसली की दुसऱ्या, त्यामुळं कॅपोशिवाय त्यांचं पान हलत नाही. त्यांनी कॅपो लावता लावताच विचारलं, "कागलला कशानं जातोस रे?"

"बाईकनं."

"उद्यापास्नं चालत जा की. खरा माणूस पायानंच जातोय."

*

या शिवलीलाताईंचा कॅपो मध्येच हरवला. दोन आठवडे त्या माझा वापरत होत्या, आणि मी दुसऱ्या बॅचला हात हलवत बसत होतो. मग एक दिवस आपला घेऊन आल्या. लावल्याबरोबर खोलीभर कांदा-लसूण मसाल्याचा वास.

"माझी अव्वा आलीया गावाकडनं," त्या म्हणाल्या. आईला त्या अव्वा म्हणतात. "तिनं मसाल्याच्या पुडीला लावलाता. म्हणाली, पकड लई झकास हाय, आणखी दोन आण."

*

आणि दत्तूमामा. पन्नाशीचा माणूस, कारखान्यात प्रेस मशीनवर होते. एफ कॉर्डला तर्जनी आडवी टाकून तारा दाबाव्या लागतात. मामांची तर्जनी जरा वाकडी, त्यामुळं दोन तारा वाजायच्या आणि बाकीच्या नुसत्या भुणभुणायच्या. मी म्हणायचो, मामा, कॅपो लावा, सोप्या कॉर्डवर अख्खं गाणं वाजेल. मामा मान हलवायचे आणि परत एफच धरायचे. तीन महिने! बाकीचे सहा गाणी शिकून पुढं गेले. मामांचा एफ काही वाजेना.

शेवटी माझा तोल गेला. उठलो, त्यांच्या गिटारवर स्वतः कॅपो लावला आणि म्हणालो, "मामा, उगाच हट्ट करू नका. तुम्हाला गाणं वाजवायचंय की नाही?"

मामांनी कॅपो हळूच काढला आणि माझ्या हातात दिला.

"न्हाय, सर."

"मग क्लासला कशाला येता?"

त्यांनी डावा हात पुढं केला. "हे बोट प्रेसखाली गेलतं. कंपनीनं मला मशीनवरनं काढून स्टोअरला बसवलंय. बोट सरळ झालं, जोर आला, तर परत घेतो म्हणालेत. डॉक्टरनी रबरचा बॉल दिलता दाबायला. त्यात मन लागंना. ह्यात लागतंय." गिटार मांडीवर नीट करत ते म्हणाले, "तुमचा चिमटा लावला की माझ्या बोटाला कामच उरत न्हाय."

आणि परत एफ धरला. त्या दिवशी तीन तारा वाजल्या.