पायाखाली ठोकळा ठेवण्याची रीत

माझा धाकटा भाऊ कोयलीच्या कारखान्यांच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे परांच्या बांधायचे काम करत असे. टाक्यांना आणि चिमण्यांना लोखंडी पाइपांची परांची उभी करायची, तिच्यावर इतरांनी काम करायचे, आणि काम संपले की ती वरून खाली सोडवत आणायची. कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे. मात्र एका उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, मांजलपूरच्या स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला अडकलेला मुलीचा पतंग काढायला तो तसाच शिडी चढला आणि पडला. खुब्यात रॉड घालावा लागला.

हाड जुळले, चालणे सुधारले. पण उंचीवर काम करणाऱ्यांची चाचणी असते. डॉक्टर तपासतात, मग पट्टा बांधून उंच तुळईवरून चालायला लावतात. त्याशिवाय वरचे काम मिळत नाही. चाचणीचे बोलावणे आले तेव्हा भाऊ घरच्या बाल्कनीतही कठड्यापाशी उभा राहत नव्हता. त्याने हे कोणाला सांगितले नव्हते. तो कपडे वाळत घालायचे टाळतो, हे भावजयीच्या लक्षात आले आणि तिने ते मला सांगितले.

मी रविवारी वासण्याहून त्यांच्याकडे जात असे. त्या रविवारी बाप-लेक कॉम्प्युटरपुढे होते. पुतणी नववीत होती आणि तिचा आवडता खेळ ठोकळ्यांचा. त्यातले जगच चौकोनी ठोकळ्यांचे. उंच जायच्या रीती अनेक, पण सर्वांत सोपी अशी: मान खाली घालून सरळ आपल्या पायांकडे पाहायचे, उडी मारायची आणि पाय हवेत असतानाच खाली ठोकळा ठेवायचा. पुन्हा उडी, पुन्हा ठोकळा. खांब वाढत जातो आणि आपण त्याच्या टोकावर. उतरताना पायाखालचा एकेक ठोकळा फोडत यायचे, नाहीतर बादलीभर पाणी ओतून त्या धारेतून खाली यायचे.

"बाबा, खाली बघ. त्याशिवाय ठोकळा ठेवता येत नाही."

"बघतोय."

"तू समोरचं झाड बघतोयस."

भावाने खांब सोडून दिला. त्या खेळात बांबूची परांचीही मिळते, तिच्यातून खाली न पाहता चढता येते. त्याने ती उभी केली आणि प्रत्येक टप्प्याला चारी बाजूंनी कठडा घालू लागला.

"कठडा कशाला? इथे मेलं की पलंगावर परत जिवंत होतो. फक्त सामान पडून राहतं."

"आणि ते आणायला माणूस परत तिथेच जातो?"

"जातो ना, लगेच. तू नाही जाणार. तुला बीक लागते." भीतीला ती शाळेतल्यासारखी गुजरातीत बीकच म्हणत असे.

स्वयंपाकघरातून भावजय म्हणाली, "बापाशी बोलतेस की मैत्रिणीशी?"

"मैत्रीण असती तर एव्हाना वर पोचली असती."

मी हसलो. भाऊ हसला नाही. तो मोकळ्या जमिनीवर आला, पडद्यावरची नजर पायांकडे वळवली आणि उडी मारली. खांब झाडांच्या वर गेला. मग त्याचा हात थांबला. पडद्यावर खांबाची सरळ बाजू आणि खूप खाली हिरवी जमीन दिसत होती. माउसवर एक हात होता, दुसऱ्याने त्याने टेबलाची कड धरली होती. पुतणीने तो हात पाहिला. तिचा आवाज बदलला.

"उतर, बाबा. पाणी ओत."

"थांब." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दादा, हे चित्र आहे हे कळतं मला. तरी हे टेबल सोडवत नाही."

भावजय पिठाच्या हाताने दारात येऊन उभी राहिली होती.

"मग नको ना जाऊस चाचणीला," पुतणी म्हणाली.

"चाचणी कशीबशी होईलही. पण कामावर मी वर अडकलो, तर मला उतरवायला दुसऱ्या कोणाला तरी वर यावं लागेल."

पुतणीने माउस आपल्याकडे घेतला आणि त्याला खाली आणले.

चाचणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पाय वाकवून पाहिला आणि विचारले, उंचीवर चक्कर येते का? या प्रश्नाला सगळे जण 'नाही' म्हणतात, डॉक्टरही ते उत्तर मान वर न करता लिहितात. भाऊ म्हणाला, "येते."

डॉक्टरांनी मान वर केली. "विचार करून सांगा."

"करूनच सांगतोय, साहेब."

तुळईपर्यंत जाण्याची वेळच आली नाही. घरी पुतणीने दार उघडले. "नापास?" तिने विचारले. तो "हो" म्हणाला. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

कंत्राटदाराने त्याला ठेवून घेतले. आता तो जमिनीवर उभा राहून पाइप आणि क्लॅम्प तपासतो, खराब असेल ते बाजूला काढतो, बाकीचे वर पाठवतो. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी तो सगळ्यांत शेवटी उतरत असे. आता शेवटचा माणूस खाली येईपर्यंत तो डबा उघडत नाही.