शोकेसची काच

पाणबुडीवर मॉर्टर कसा मारायचा, हे मला पक्कं येतं. कॉम्प्युटरवरच्या खेळातलं सांगतोय. खरा समुद्र मी दोनदाच पाहिलाय. जहाजाच्या नाकाडावर बसवलेला हा मॉर्टर चोवीस बॉम्ब एकदम पुढे फेकतो. पाणबुडीला थेट लागले तरच ते फुटतात, नाहीतर गुपचूप तळाला. म्हणून आधी सोनारचे, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचे, ठोके ऐकायचे, वेग कमी करायचा, आणि ती आत्ता आहे तिथे नाही, बॉम्ब बुडेपर्यंत जिथे पोचेल तिथे मारायचं.

यातलं अक्षरही खोटं नाही. फक्त तीन वर्षं मी असा खेळलोच नाही.

धाकटा भाऊ आंजीला भाजीपाला करतो. देवळीचा बाजार आटोपला की दुपारी माझ्याकडे जेवतो, मग आमचा खेळ. तो पाणबुडी, मी जहाज. मी माझ्या कॉम्प्युटरवर, तो समोर जुन्या लॅपटॉपवर, शोकेसकडे पाठ करून. त्या शोकेसच्या काचेत मला त्याचा अख्खा नकाशा दिसायचा. डावं ते उजवं व्हायचं. पण आठवड्याभरात मी ते मनातल्या मनात फिरवून घ्यायला शिकलो.

मी मारला की लागायचाच. “काय कान हायेत दादा तुहे!” तो म्हणायचा. आमच्या दादाले पाण्याखालचं समजते, असं त्यानं अर्ध्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. मी नुसता हसायचो. जिंकायची हौस केव्हाच फिटली होती. त्याच्या तोंडून ते ऐकायची चटक लागली होती.

यंदा त्याच्या विहिरीनं तळ गाठला. एका दुपारी मी त्याला दुसऱ्यांदा बुडवलं, तेव्हा तो म्हणाला, “बोअरची मशीन सांगितली, दादा. परवा वावरात येजो. तू बोट दाखवशील तिथंच मारतो.”

“अन् पाणाड्या?”

“तो नारळ घेऊन पाणी शोधत फिरणारा? त्याचं काय काम? तू हाय ना!”

“मस्करी करून राह्यला का?”

“मस्करी काऊन करू? वावर वाळून राह्यलं माह्यं.”

मी माउसवरचा हात काढला. “मले काही समजत नाई. मी काचेत पाहतो.”

“कोणत्या काचेत?”

मी शोकेस दाखवलं. तो उठला, माझ्या खुर्चीत येऊन बसला. समोर काचेत त्याची पाणबुडी अजून बुडत होती.

“तीन वर्षं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“अन् मी येड्यावानी बाजारभर सांगून राह्यलो.”

तो हसला नाही. आत गेला. मला वाटलं, आता पिशवी उचलून निघतो. तो पलंगावरची चादर घेऊन आला, शोकेसवर टाकली आणि आपल्या जागी बसला.

“मार आता.”

पहिले चोवीस गुपचूप गेले. दुसरे, तिसरेही.

“काय दादा, कान काचेतच राह्यले का?”

टोमणा माझ्या वाट्याचाच होता, मी घेतला. वेग कमी केला, ठोके ऐकत राहिलो. सातव्या फेरीला ठोका जवळ, आणखी जवळ आला, आणि मी घाई केली नाही. चादरीमागच्या काचेत काही दिसत नव्हतं. मारला.

“लागला!” ओरडला तोच.

मग लॅपटॉप मिटत म्हणाला, “फोन लाव पाणाड्याले. नारळ तुह्याकडून.”