प्रोफाइलवरचा आहेर

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्या भांडवलावर लेख लिहायला बसणं म्हणजे जरा जास्तच. पण परवा माझं जुनं प्रोफाइल उघडलं आणि तेव्हापासून चैन नाही.

ती साइट आता ओस पडली आहे. मंडळी दुसऱ्या साइटवर राहायला गेली. माझा फोटो मात्र तिथंच उभा आहे. मागं स्टुडिओतला बर्फाचा डोंगर, अंगात बाजारातला शर्ट, डोळ्यांवर स्टुडिओवाल्याचा गॉगल. स्वतःविषयी एक इंग्रजी वाक्य आहे. ते मी इंटरनेट कॅफेतल्या शेजाऱ्याच्या पानावरून उतरवलं होतं. अर्थ आता कळला: मी कुणाचीच पर्वा करत नाही. तेव्हा मी कॅफेवाल्यालासुद्धा भीत होतो.

हे पान मला काढून दिलं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या वर्गमित्रानं. तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा, तोंडानं फटकळ. शाहूवाडीकडच्या खेड्यातून आलेल्या मला मित्र म्हणावा असा तो एकटाच. आम्ही एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचो आणि माऊस त्याच्या हातात असायचा.

तिथं खरा मान टेस्टिमोनियलला होता, म्हणजे आपल्याविषयी दुसऱ्यानं लिहिलेल्या कौतुकाच्या ओळींना. आमच्या वर्गानं त्याचा लग्नातला आहेर करून टाकला. आला की परत करायचा. डबा उघडताना ज्यांनी मला कधी हाक मारली नाही, त्यांनी मला सोन्यासारख्या मनाचा ठरवलं. मीही तेच सोनं त्यांना परत केलं. एकानं तर नाव बदलायला विसरून भलत्याचंच कौतुक मला चिकटवलं. तेही मी ठेवून घेतलं.

मित्राला मात्र मी मनापासून लिहिलं. त्याचा आहेर काही येईना. एकदा धीर करून विचारलं.

"लिवतो की भावा," तो म्हणाला. "पण असलं सोनं-बिनं न्हाय लिवणार. पटंल तवा लिवीन."

शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्या गावी आला. आमचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. दारातून आत आलं की समोर निळ्या कोटातला फोटो. तो फोटोकडं बघत थांबला, मग बसला, जेवला आणि गेला. घर बघून गेलेली माणसं पुढं ओळख विसरतात, हे आम्हाला नवीन नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कोल्हापूरला परतलो आणि एकटाच कॅफेत गेलो. पानावर त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेटवर भेटला.

"साइटवर गेलतास का?"

"गेलतो की."

"मग?"

"मग काय? हाय तसंच हाय."

तो गाडीला किक मारत म्हणाला, "बरं हाय की पावणं." पावणं आमच्याकडं अनोळख्याला म्हणतात. त्यानंतर तो बोललाच नाही. मी काय ते समजलो. जातीवर एक भाषण रचलं, होस्टेलवर ठोकलंही. टाळ्या चांगल्या पडल्या.

परवा त्या ओसाड पानाच्या कडेला एक बारीक इंग्रजी ओळ दिसली. तेव्हा मी ती जाहिरात समजायचो. आता इंग्रजी जरा सुधारलंय. एक टेस्टिमोनियल तुमच्या मंजुरीसाठी थांबलंय, असं ती सांगत होती. आलेला आहेर पानावर चढायला मालकाची मंजुरी लागते, आणि इतके दिवस ते बटण मित्रच दाबत होता, हे मला ठाऊकच नव्हतं. स्वतःचा आहेर तो स्वतः कसा चढवणार?

मजकूर त्याचा होता, तो आमच्याकडून गेला त्याच आठवड्यातला:

"ह्यो लाजतो लई. ह्याच्या आईनं भात वाढला, परत परत वाढला. जेवताना माझीच मला लाज वाटली. इतकी वर्सं दोस्त म्हणतोय आन् ह्याला एकदा बी घरी जेवाय न्हेला न्हाय. घरात भांडलोय. भावा, कॉलेज सुरू झालं की पयल्या रविवारी आमच्याकडं ये. आई व्हय म्हणालीया."