टर्बोचं गाऱ्हाणं

मालवणजवळच्या कट्टा गावात, बाजारामागे परशुराम गावडेचं गॅरेज आहे. काम पुरं झालं की गाडीसमोर नारळ ठेवून तो गाऱ्हाणं घालतो. काय केलं, काय राहिलं, सगळं देवाला सांगतो आणि आजूबाजूचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. वीस वर्षांत त्याने न केलेलं काम केलं म्हणून सांगितलेलं नाही. अशा माणसाला भर बाजारात चोर म्हणायला जीभ रेटते कशी, हेच मला कळत नाही.

म्हणणारा कौस्तुभ, मालवणातला हॉटेलवाला. त्याच्याकडे टर्बोची लाल स्पोर्ट्स कार. तिची ताकद वाढवून हवी होती, तीही लगेच. परशुरामाचा क्रम ठरलेला: आधी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, मग जाड क्लच आणि जादा पेट्रोल देणारा पंप, टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब सगळ्यात शेवटी. इंटरकूलर बसला, बाकीचं सामान यायचं होतं. पण कौस्तुभला मेव्हण्याच्या लग्नात गाडी मिरवायची होती. त्याने ती तशीच मागितली. परशुरामाने नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा, पंप बदलूक नाय, क्लच बदलूक नाय. ता होयसर दाब वाढवचो नाय. कोणी वाढवलो तर इंजिन जळतला, होय म्हाराजा?”

“होय म्हाराजा,” कौस्तुभही म्हणाला, मोबाइल बघत.

आठ दिवसांनी गाडी टेम्पोवर चढून परत आली. घाटात इंजिन बसलं होतं. भिकाजीच्या चहाच्या टपरीसमोर उभा राहून कौस्तुभ सगळ्यांना सांगत सुटला, “चोर आहे हा. जुनं सामान घालून माझ्या इंजिनची वाट लावली.” ते ऐकून दोन गिऱ्हाइकं गाड्या घेऊन आल्या पावली परत गेली.

परशुरामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको सुगंधा म्हणाली, “देवळात जावन शपथ घेवया.”

“मी कित्या शपथ घेव? इंजिन उघडतंय, सगळ्यांसमोर.”

उघडलं. पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडला, तर टर्बोचा दाब दीडपट.

“हो दाब कोणी वाढवलो?” परशुरामाने विचारलं.

“गोव्यात एकाने,” कौस्तुभ पुटपुटला. “अर्ध्या तासात करून दिलं.”

“तू होय म्हाराजा म्हणालंस.”

“अहो, ते सगळेच म्हणतात.”

परशुरामाने लॅपटॉप फटकन मिटला. चोर म्हटल्याचं लागलं होतं, त्याहून हे लागलं. त्याच्या गाऱ्हाण्याला हा माणूस नुसती बडबड समजला होता.

“इंजिन बांधून द्याल ना?”

“देतंय. पण आज गाऱ्हाणा तू घालूचा. थंय, टपरीसमोर.”

कौस्तुभ नारळ घेऊन उभा राहिला. “बा देवा महाराजा, दाब मी वाढवून घेतला. परशुरामांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी होय म्हटलं होतं.”

चहाचे कप खाली ठेवून सगळा बाजार म्हणाला, “होय म्हाराजा.”

परशुराम मात्र ‘होय’ न म्हणता पाना घेऊन गॅरेजकडे वळला. त्याचा राग अजून उतरला नव्हता.