उन्हात ठेवलेलं चाक

माझ्या हातची भाकरी मोहोळ रस्त्यावरच्या खानावळींत जाते आणि ती मीच सायकलवरून पोचवते. वाटेवर वेड्या बाभळीचे काटे इतके, की पंक्चर ठरलेलंच. कोपऱ्यावरचे सायकलवाले होते तोवर फिकीर नव्हती. त्यांनी ते दुकान मोडून मोबाइलचं थाटलं आणि माझं घोडं अडलं.

ट्यूबला ठिगळ लावणं सोपं असतं. खरी परीक्षा टायर रिंगेवरून उतरवण्यात. नवा टायर तर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, एकदा बसला की उठायचं नाव नाही. त्यात माझे अंगठे दुखरे. आमचे हे म्हणाले, "तुला न्हाय जमायचं. भंगारात घाल ती सायकल. भाकरी मी पोचवतो की गाडीवरनं."

बोलणं मायेचं होतं, पण मला राग आला. सकाळचा तेवढाच वेळ माझा असतो. सायकल गेली असती तर मी चुलीपाशीच राहिले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिला उपाय स्वयंपाकघरातला केला. टायरच्या कडेला करडईचं तेल लावलं. टायर सुळकन निघाला, परत बसलाही. पण तेल रिंगेलाही लागलेलं. सकाळी ब्रेक दाबला तर सायकल थांबेचना. थेट शेजारणीच्या पापडांच्या वाळवणात जाऊन पडले. "आता टायरची भजी तळ," म्हणून हे पोट धरून हसले.

शेजारणीला नवे पापड लाटून दिले आणि आमच्याच गच्चीवर वाळत घातले. आपल्या सोलापूरचं ऊन, फरशीवर पाय ठेववत नव्हता. तेल धुतलेलं चाकही तिथंच सुकायला टेकवलं होतं. दुपारी वर गेले तर पापड कडक झालेले आणि टायर मऊ.

मग मी अंगठ्यांना रजाच दिली. भाकरी थापताना लागतो तो तळहाताचा जोर लावला. रिंगेच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. टायरची कड दोन्ही बाजूंनी तिच्यात ढकलत आणली, तशी ती समोर एका जागी सैल पडली. तिथं उलथन्याचा दांडा घातला आणि टायर बाहेर! मी, एकटीनं काढला. पहिली भाकरी टम्म फुगली होती तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

आता गल्लीतल्या बायका आपापली चाकं घेऊन येतात. पाहुणा आला की हे त्याला चहाआधी गच्चीवर नेतात. "आदी ऊन द्यायचं. अन् जोर अंगठ्याचा न्हाय, तळव्याचा. आमच्या घरातली युक्ती हाय ही," असं ऐटीत सांगतात. मी सांगू देते. परवा मात्र हे करून दाखवायलाच वाकले. मी ह्यांचा हात बाजूला केला आणि म्हटलं, "सरका तिकडं. तुमाला न्हाय जमायचं."