नकाशा भरतीच्या आत

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू घरात आली की ती माझ्या पुढ्यात ठेवली जायची. दोन हजार सात-आठच्या सुमाराला दादाने, माझ्या थोरल्या भावाने, हातात मावणारा जीपीएस आणला, तोही असाच माझ्याकडे आला.

बाबा आमच्या होडीचे तांडेल, सुकाणू कायम त्यांच्याच हाती. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी समुद्राची मनाई केली. मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी दादा पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय होडी नेणार होता. बाबांची अट एकच. "खडपांचो नकाशो त्या यंत्रात येवंदे, मगे जा." पाण्याखालच्या खडकांचीच त्यांना काळजी. आमचं गाव तोंडवलीच्या अंगाला. खाडीच्या मुखावर वाळू साचते, भरती असेतोच होडी बाहेर पडते.

त्या दिवशी सकाळी यंत्र केबलने घरच्या कॉम्प्युटरला जोडून बसलो. पडद्यावरची निळी पट्टी हलेचना. जेमतेम अर्धी भरली आणि लाइट गेली. लाइट आल्यावर परत पहिल्यापासून! दादा दारातून ओरडला, "काय रे ग्रॅज्युएट, वल्ह्यांनी नेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो नकाशो!"

"गप रव रे," बाबा म्हणाले. "तो करता मा."

एवढ्या विश्वासाने कुणी बोललं की डोकं चालतंच. मी गुजरातपासून केरळपर्यंतचा अख्खा किनारा पाठवत होतो! देवगड ते वेंगुर्ले एवढाच तुकडा निवडला. जुन्या पद्धतीची ती रडतखडत चालणारी केबलही काढून टाकली. बाजारातल्या फोटो स्टुडिओतून कार्ड रीडर मागून आणला, यंत्रातलं मेमरी कार्ड त्यात घातलं आणि नकाशा थेट कार्डावर उतरवला. आईने दिलेला चहा निवायच्या आत काम फत्ते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते सांगायला मला संकोच नाही.

एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा त्या इवल्याशा पडद्याला लावलेला. बाबांनी एकेक खडप पाहून घेतलं. "बरो आसा," म्हणाले आणि यंत्र दादाच्या हातात दिलं. होडी निघताना सूचनांची सरबत्ती होणार असं मला वाटलं होतं. बाबांनी नुसता होडीचा दोर सोडून दिला. इतक्या वर्षांचं सुकाणू असं मुकाट्याने दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

घरी येऊन मात्र ते कॉम्प्युटरसमोर बसले. "आता दाखय, होडी खंय आसा ती."

"बाबा, ता हयसून दिसाचा नाय. ता होडीतल्या यंत्राकच कळता."

"मगे नकाशो तरी ठेव म्होरे."

खाडीच्या मुखावर त्यांनी बोट टेकवलं आणि थोड्या थोड्या वेळाने ते पुढे सरकवत राहिले. "खडपां मागे पडली," मध्येच पुटपुटले. आईने दोनदा जेवायला हाक मारली, ते हलले नाहीत. बऱ्याच वेळाने बोट उचललं आणि आत वळून म्हणाले, "टाकल्यान त्येणां जाळी. वाढ आता गो."