सोडलेलं दूध

बारामतीत एखादा माणूस दूध पीत नाही म्हणजे त्याला काहीतरी झालेलं असणार, असंच धरून चालतात. मी मालवणकडची. कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली म्हणून इथं आले आणि पहिल्या आठवड्यातच हे मला कळून चुकलं. स्टाफरूममध्ये कोरा चहा मागितला की "ॲसिडिटी का?" आणि खानावळीत चपातीला तूप नको म्हटलं की "वजन कमी करताय व्हय?" व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारी, हा शब्द मी एकदाच वापरून पाहिला. "म्हणजे जैनच की," असं म्हणून समोरच्या प्राध्यापकांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढं धरला. कोकणातली असून मासे खात नाही, हे तर कुणाला पटलंच नाही. घरी आईलाही ते अजून पटलेलं नाही.

परक्या शहरात माणूस एकटं पडतं ते जेवायच्या वेळी. लग्नाला, वास्तुशांतीला बोलवायचे आणि मी पंगतीत मसालेभातावरचं तूप बाजूला सारत बसायचे. पुढं पुढं मी जायचंच बंद केलं. मग "मॅडमना लई मान लागतो" असं कानावर यायला लागलं. चीड यायची. एवढ्या हिरव्यागार मुलखात मला कुणी साधी डाळ धड वाढू नये!

अपवाद फक्त माझ्या घरमालकीणबाईंचा. इंदापूर रस्त्याला त्यांचं घर, खाली गोठा, वर माझी खोली. वय साठीच्या पुढं, माहेर सणसरचं. मी त्यांना काकी म्हणायचे. खोली घेतानाच मी सांगितलं होतं, "काकी, मी दूध सोडलंय. दही, तूप, काहीच नाही." त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि "बरं," एवढंच म्हणाल्या. कारण विचारलं नाही. त्या दिवसापासून माझा चहा वेगळा उकळायला लागला. माझ्या पुरणपोळीला तेल. कढीच्या दिवशी माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी. शेजारणीनं एकदा मला ताक देऊ केलं, तर काकी तिच्या अंगावरच गेल्या. "तिनं सोडलंय म्हणते ना! कळत न्हाय का तुला?" मला भरून आलं. या गावात आपल्याला समजून घेणारं एक माणूस आहे असं वाटलं, आणि संध्याकाळचं मी त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवायला लागले. दिवसभर मी त्या जेवणाची वाट बघायचे, हे सांगायला आता लाज कशाची.

उन्हाळ्यात घरून आंब्याची पेटी आली, ती मी काकींपुढं ठेवली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"मी आंबा सोडलाय," त्या म्हणाल्या. "थोरला गेला तवापासनं. त्याला लई आवडायचा."

गेलेल्या माणसाच्या नावानं असं काहीतरी सोडतात, आणि सोडणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. मीही पुढं काही विचारलं नाही. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या मनात काय चाललंय, याचा मला पत्ता नव्हता.

श्रावणाच्या तोंडावर त्यांची गाय व्याली. गोऱ्हा झाला, नर वासरू. चिकाचा खरवस करून काकी ताट घेऊन घरोघर वाटायला निघाल्या. मी पायरीवर बसले होते.

"तुला न्हाय देत," त्या मायेनं म्हणाल्या. "तुझं लेकरू असल तितं सुखात राहू दे."

"कुठलं लेकरू?"

"ज्याच्यापायी दूध सोडलंस ते. दूध म्हंजी लेकरूच की. मला काय कळत न्हाय व्हय?"

मी खरं ते सांगितलं. माझं लग्न झालेलं नाही, मूल झालेलं नाही, माझं कुणी गेलेलं नाही. मग दूध कशापायी, असं त्यांनी विचारलं. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, गाईपासून लांब, तो गोऱ्हा बांधलेला होता. धार काढून उरेल तेवढं त्याच्या वाट्याला, आणि पुढं दूध देणार नाही म्हणून थोड्याच दिवसांत तो विकला जाणार. मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

"ह्यांच्यासाठी."

काकी त्याच्याकडं बघत राहिल्या.

"जनावरापायी?" त्या म्हणाल्या. "आन् मी माझ्या पोराचं सांगून बसले तुला."

"काकी, मी तुम्हाला फसवलं नाही."

खरंच नव्हतं फसवलं. पण इतके दिवस त्या घरात जेवत होती ती मी नव्हतेच. मेलेल्या लेकराची कुणी आई जेवत होती. तिच्यासाठी चहा वेगळा होता, आमटी वेगळी होती. माझ्यासाठी तिथं कधीच काही नव्हतं. रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

काकींनी ताटातली खरवसाची एक वडी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"खा मग," त्या म्हणाल्या. "तुझं कुठं कोण गेलंय."